हिवाळेबाईंचा वसा

हिवाळेबाईंसमोर निवडुंगाला निवडुंग म्हणायची सोय नव्हती. "नोपाल म्हण गं," त्या म्हणायच्या. "त्याच्या गावाकडच्या नावानं हाक मारली की बरं वाटतं त्याला." निवडुंगाला बरं वाटतं की वाईट, याची चौकशी त्याआधी तिसगावात कुणी केली नसावी.

परवा इथे नगरला सावेडीत आमच्या सोसायटीच्या कुंपणालगतचा निवडुंग माळी उपटायला लागला, तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावरून ओरडले, "अहो, तो नोपाल राहू द्या!" माळ्यानं वर बघितलं, सुनेनं माझ्याकडे बघितलं. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई गॅलरीतून काय ओरडते, असं दोघांच्याही तोंडावर होतं. पन्नासाहून जास्त वर्षं तो शब्द माझ्या तोंडात आला नव्हता. आला तो थेट बाईंच्या आवाजात आला, म्हणून हे लिहायला बसले.

मी एकाहत्तरच्या जूनमध्ये तिसगावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायला रुजू झाले. वय बावीस, अक्कल त्याहून कमी. हिवाळेबाई तेव्हा पन्नाशी उलटलेल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, बारीक काठाची पांढरी साडी आणि पायात पुरुषी मापाचे कॅनव्हासचे बूट. खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत खुरपं, काळ्या रंगाची डबी, ब्रश, आणि उशीच्या अभ्र्यात घातलेली एक इंग्रजी डिक्शनरी. डिक्शनरीची पुढची पानं वाळवीनं खाल्ली होती आणि मागची कुठं गेली ते देव जाणे. "माझं इंग्रजी 'बी'पासून 'डब्ल्यू'पर्यंतच," त्या सांगायच्या. "'ए'चं काही अडलं तर हेडसरांकडे जा."

बाईंची आई नगरला एका अमेरिकन मडमेच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होती. ही मडम इकडे येण्याआधी बरीच वर्षं मेक्सिकोत होती. तिकडे झाडांची नावं ती शिकली ती स्पॅनिश, आणि नगरला आल्यावर इथल्या झाडांना तिनं त्याच नावांनी हाका मारायला सुरुवात केली. बाई त्या बंगल्याच्या बागेत वाढल्या. म्हणून त्यांच्या लेखी वेडी बाभूळ ही मेस्कीते, घायपात ही मागुए, पेरू म्हणजे ग्वायाबा आणि रताळं म्हणजे कामोते. "मुळात ही नावं तिथल्या आदिवासींची. ती उचलली स्पॅनिश लोकांनी. त्यांच्याकडून मडमेनं, मडमेकडून मी. आता तू घे," असं म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात पाण्याची झारी दिली होती.

मडम परत जाताना ती डिक्शनरी बाईंना देऊन गेली. त्यात इंग्रजांनीच टाकून दिलेले कितीतरी शब्द होते, आणि बाईंचा जीव नेमका त्यांच्यावर. परवा, म्हणजे येणारा परवा, याला इंग्रजीत एकेकाळी सरळ 'ओव्हरमॉरो' असा एक शब्द होता. दुपारच्या न्याहारीला 'नंचन' होता. दोन्ही हातांची ओंजळ भरून जेवढं मावतं त्याला 'गाउपेन' होता. "बघ, हे शब्द त्यांच्याकडेही होते," बाई म्हणायच्या, "पण सांभाळायला माणूस नव्हतं. शब्दाला एक तोंड पुरतं गं, पण ते एक तरी लागतं."

आणि हे तोंड पुरवायची तजवीज त्यांनी शाळेतच केली होती. पाचवीत आलेल्या प्रत्येक मुलाला त्या दोन गोष्टी द्यायच्या. शाळेमागच्या मुरमाड तुकड्यातलं एक झाड आणि डिक्शनरीतला एक मेलेला शब्द. झाडाशेजारी डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून, त्यावर स्पॅनिश नाव रंगवून, खिळ्यानं काठीला ठोकलेला असे. झाडाला पाणी घालायचं आणि आठवड्यातून एकदा तरी तो शब्द कुणाशी बोलताना वापरायचा. मूल शाळा सोडून किंवा गाव सोडून चाललं की त्यानं आपलं झाड आणि आपला शब्द दुसऱ्या कुणाच्या हवाली करायचा. त्याची रीतही ठरलेली होती. देणाऱ्यानं आपल्या ओंजळीतलं पाणी घेणाऱ्याच्या ओंजळीत ओतायचं. घेणाऱ्यानं ते झाडाला घालायचं आणि शब्द मोठ्यानं म्हणायचा. ही रीत बाईंनी कुठून काढली कोण जाणे, थोडी देवळातली, थोडी चर्चमधली, थोडी हळदीकुंकवातली होती. गावातल्या बायका याला 'हिवाळेबाईंचा वसा' म्हणत. उतू नको मातू नको, घेतला वसा टाकू नको, हे एका ख्रिस्ती बाईच्या शाळेतल्या बागेला लागू पडलेलं पाहून मला तेव्हा फार हसू यायचं.

झाडं वाटताना मात्र बाई हातचं राखत. आमच्याकडची निम्मी पोरं दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्यात परत येत. अशा पोरांना बाई नोपाल द्यायच्या, मागुए द्यायच्या, फार तर मेस्कीते. पेरू, पपई, टोमॅटो हे सगळं गावात राहणाऱ्यांच्या वाट्याला. मी एकदा विचारलं, "हा भेदभाव नाही का बाई?" त्या म्हणाल्या, "सहा महिने फडावर जायचं त्यानं परत येऊन वाळलेलं झाड बघायचं का? त्याला न मरणारंच द्यायला हवं." मला ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

झेंडूची गोष्ट गावात बरेच दिवस पुरली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात एक म्हातारा झेंडूचा ढीग लावून बसला होता. बाई त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, याचं खरं नाव सेंपासूचिल. हा मूळचा मेक्सिकोचा. मिरची तिकडची, बटाटा तिकडचा, सीताफळसुद्धा तिकडचंच. सगळे जहाजातून आलेले पाव्हणे."

म्हातारा बिथरला. "मंग आमच्या देवाला इतकी वरसं आमी पाव्हन्याची फुलं घातली व्हय?"

"देवानं कधी तक्रार केली का?"

"न्हाई."

"मग तुम्ही कशाला करता? द्या अर्धा शेर."

तपासणीला आलेल्या साहेबांचंही असंच. त्यांनी सातवीतल्या मुलाला इंग्रजीत विचारलं, दुपारी काय करतोस? त्यानं खणखणीत सांगितलं की मी माझं नंचन घेतो. साहेबांनी दोनदा दुरुस्त केलं. पोरगं हटेना, कारण तो शब्द त्याच्या ताब्यातला होता. शेवटी बाईंनी अभ्र्यातून डिक्शनरी काढून साहेबांच्या टेबलावर उघडली. साहेबांनी चष्मा लावून वाचलं, पाणी प्यायलं आणि शेरेबुकात लिहिलं, 'इंग्रजी चांगले आहे, पण फार जुने आहे.' बाईंनी तो शेरा बक्षिसासारखा सगळ्यांना दाखवला.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे, आणि मी नेतही होते. पण एकदा भर शाळेत बाईंच्या नावची तार आली. त्यांचा एकुलता एक भाऊ नगरला वारला होता. त्यांनी तार वाचली, घडी करून पिशवीत ठेवली आणि वर्गात गेल्या. फळ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात त्या रोज एक जुना शब्द लिहीत. त्या दिवशी लिहिला 'थोल'. थोल म्हणजे सोसणं. पाचही तास घेतले, मगच नगरची एसटी धरली. परत आल्यावर मी विचारलं, "बाई, रडला तरी का?" त्या म्हणाल्या, "मराठीत म्हटलं की गळा भरून येतो. म्हणून मी तिकडचा मेलेला शब्द घेते. दाढ काढताना डॉक्टर सुई देतो ना, तसं होतं. आपली दाढ निघालेली कळते, दुखत नाही." मला त्यांचा हेवा वाटला होता. आता वाटत नाही.

कांता ही ऊसतोडीला जाणाऱ्या किसनची मुलगी. पाचवीत तिला नोपाल मिळाला आणि शब्द मिळाला गाउपेन. तीन वर्षं ती दिवाळीला आपला शब्द मैत्रिणीच्या हवाली करून जायची आणि उन्हाळ्यात येऊन परत मागून घ्यायची. पोरगी हुशार होती. इतकी की एरवी कुणाचं कौतुक करताना कंजुषी करणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "ही मास्तरीण होईल. माझ्यानंतर ही बाग हिच्याकडे."

बहात्तरच्या जूनमध्ये कांता आठवीत आली आणि बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, मला बी पान्याचं झाड द्या की."

"का गं? नोपाल काय वाईट आहे?"

"वाईट न्हाई. पर त्याला माझी गरजच न्हाई. मी असले काय अन् नसले काय."

बाई दिवसभर खुशीत होत्या. त्यांनी एका डब्यात बी लावून वाढवलेलं चिकूचं वीतभर रोप होतं. तिकडे चिकूला चिकोसापोते म्हणतात, आपण नावाचं नुसतं शेपूट तोडलं. ते त्यांचं सगळ्यात लाडकं रोप होतं. कांताच्या हातानं त्यांनी ते लावून घेतलं आणि नवा पत्रा रंगवला. नोपाल कुणाला दिला नाही, तो कोपऱ्यात तसाच राहिला.

त्या वर्षी पाऊस पडला नाही. आदल्या वर्षीही धड नव्हता. दसरा झाला आणि टोळ्या निघायच्या सुमारास किसन कांताला न्यायला शाळेत आला. आम्ही दोघी मागे बागेतच होतो.

"किसनराव, पोरगी आठवीत आहे. या साली ठेवा तिला. माझ्या खोलीवर राहील," बाई म्हणाल्या.

"बाई, हिच्या आईचं अंग दुखतंय सारखं. आमच्यात एक कोयता म्हंजी दोघं जनं. म्या तोडनार, मंग मोळी कोन बांधनार?" किसन काही वाईट माणूस नव्हता. तो बोलताना चिकूकडे बघत होता. "अन् ह्ये काय लावलंय? चिकू? ह्या मुरमात? ह्या साली? जगत न्हाई बाई."

"जगेल."

"न्हाई जगायचा."

बाईंचं नाक लाल झालं. त्यांना झाडाबद्दल कुणी असं बोललेलं खपत नसे. "आणि जगला तर?"

किसन हसला. "जगला तर पोर तुमची. शिकवा किती शिकवायची ती. हिची आई कशीबशी बांधंल मोळ्या. पर मेला, तर मी यीन त्या दिवशी माझी पोर घिऊन जाईन. चालंल?"

"चालेल," बाई म्हणाल्या.

मी तिथेच उभी होते. माझ्या हातात झारी होती. मला गंमत वाटली, हे कबूल केलं पाहिजे. बाई जिंकणार याबद्दल मला शंकाच नव्हती, आणि कांता तर उड्या मारत होती.

डिसेंबरअखेर शाळेची विहीर तळाला गेली. गावातली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली, घराघरात मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीच्या, तांबड्या भाकरी आल्या. पिण्याचं पाणी टँकरनं यायचं. हेडसरांनी नोटीस काढली की शाळेतल्या पाण्याचा थेंब झाडांना घालायचा नाही. त्यांचं काही चुकलं नाही. मग बाईंनी मुलांना सांगितलं, घरून ज्याला जमेल त्यानं एक ओंजळ आणा. काही दिवस पोरं पितळेच्या फुलपात्रातून ओंजळभर पाणी आणत होती. मग आणेनाशी झाली. पपया गेल्या, पेरू गेले, टोमॅटो तर आधीच गेले होते. मागे नुसत्या काठ्या राहिल्या आणि त्यांच्यावरचे रंगवलेले पत्रे.

चिकूला मात्र पाणी मिळत होतं. बाई तोंड धुवायच्या ते त्याच्या बुंध्याशी. बाईंच्याच खोलीवर राहणारी कांता आपल्या वाटणीच्या पाण्यातून रोज एक ओंजळ त्याला घालायची, आणि घालताना तोंडातल्या तोंडात आपला शब्द म्हणायची. तिचे ओठ फुटलेले असत. मी तिला रागावले तर म्हणाली, "म्या संध्याकाळच्याला पिते की, मॅडम." बाई हे बघत होत्या. मीही बघत होते.

फेब्रुवारीत एका सकाळी चिकूची पानं गळलेली दिसली. मी नखानं साल खरवडून पाहिली. आत हिरवं काही नव्हतं. कांता अजून खोलीवरून यायची होती. बाई माझ्या नखाकडे बघत राहिल्या.

"दुसरं आणू," मी म्हणाले. "नगरला रोपवाटिकेत मिळेल. कुणाला कळतंय?"

"छे," त्या म्हणाल्या. ज्या बाई मुलाच्या वहीत अर्धा गुण जास्त पडला तर बोलावून कमी करायच्या, त्या दुसरं काय म्हणणार होत्या? पण शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या स्टँडवर उभ्या दिसल्या. रविवारी दुपारी आल्या तेव्हा पिशवीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं रोप होतं. रोपवाटिकेत बियाचं रोप नव्हतं, कलम होतं. खिरणीच्या खुंटावर बांधलेलं, बुंध्याशी सांध्याची गाठ दिसत होती.

"गाठ दिसतेय," बाई म्हणाल्या.

"झाकू," मी म्हणाले. आम्ही दोघींनी मेलेलं रोप उपटलं, नवं लावलं आणि सांधा झाकेपर्यंत भोवती माती चढवली. माती मीच ओढली. जुना पत्रा बाईंनी सरळ केला. सोमवारी कांता फुलपात्र घेऊन आली, रोपाकडे जरा वेळ बघत राहिली, मग ओंजळ भरून पाणी घातलं आणि गाउपेन म्हणाली. तिला कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी किसन आला. वाळला होता. कांताच्या आईला फडावरच अंथरूण धरावं लागलं होतं, त्याचा कोयता अर्धा पडला होता. तरी त्यानं आधी पोरीचं नाव काढलं नाही. "आदी झाड बगू," म्हणाला. मी आणि बाई त्याच्या मागून गेलो. कांता वर्गाच्या दारात उभी.

चिकू हिरवागार होता. किसननं त्याच्याकडे वरून खाली पाहिलं. मग उकिडवा बसला आणि बोटानं बुंध्याची माती बाजूला करू लागला. अगदी सावकाश, मुळांना धक्का न लावता. सांध्याची गाठ उघडी पडली तेव्हा थांबला.

"ह्ये कलम हाय, बाई," तो म्हणाला. "तुमचं बियाचं हुतं."

शेतकऱ्याला बी आणि कलम ओळखू येणार नाही, असं आम्ही दोन शिकलेल्या बायका धरून चाललो होतो.

"हो," बाई म्हणाल्या. "ते मेलं. मी बदललं."

मला वाटलं किसन चिडेल. त्यानं उकरलेली माती परत नीट लोटली, हातानं थापली आणि उठला. "ह्येला सांदा मातीत ठिवू नगा. कुजतंय," एवढंच म्हणाला. मग कांताला हाक मारली, "चल गं."

मी वाट बघत होते की बाई आता काहीतरी बोलतील. हात जोडतील, भांडतील, निदान परीक्षा होईपर्यंत थांब म्हणतील. त्या काही बोलल्या नाहीत. मीही काही बोलले नाही. मला बोलता आलं असतं. मी तेवीस-चोवीस वर्षांची, सरकारमान्य पदवी घेतलेली विज्ञानशिक्षिका, मला कायदा माहीत होता, पोरीचं वय माहीत होतं. पण आत कसलीच हालचाल होत नव्हती. पाय बधिर झाला की तो आपला वाटत नाही, तशी मी उभी होते.

कांतानं दप्तर घेतलं. बाई तिला म्हणाल्या, "शब्द कुणाला देतेस?"

"कुनाला बी न्हाई."

"कांता, रीत आहे ती."

"मी परत येनार हाय, बाई. मंग कशाला द्यायचा?"

ती बापाच्या मागून गेली. वळून तिनं एकदा चिकूकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर बाईंनी त्या कलमाला पाणी घातलं नाही. मीही घातलं नाही. सांधा मातीतच राहिला, आणि आठ-दहा दिवसांत तेही वाळलं. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात शब्द लिहिणं थांबलं. बाई पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी शिकवत, उत्तरं लिहून देत, घंटा झाली की बाहेर येत. डिक्शनरी अभ्र्यात, अभ्रा पिशवीत. सगळं वेळच्या वेळी चालू होतं. मी त्या दिवसांत एकदा, अगदी चहा पिता पिता, त्यांना म्हणाले, "बाई, पैज नोपालवर लावायला हवी होती." का म्हणाले कुणास ठाऊक. दुसऱ्याला टोचून पाहावं, दुखतं का, अशा बुद्धीनं म्हणाले असेन. कोपऱ्यातला नोपाल तेव्हा पिवळ्या फुलांवर आला होता.

बाईंनी बशी खाली ठेवली. "नोपालवर कुणी पैज लावत नाही, सुधा," त्या म्हणाल्या. "तो जगणारच असतो." आणि उरलेला चहा प्यायल्या.

एप्रिलमध्ये बातमी आली की फडावरच कांताचं लग्न लावलं. मुलगाही तोडीवरचाच, त्याला जोडीला माणूस नव्हतं. आता दोघांचा मिळून एक कोयता झाला. ही बातमी शिपायानं स्टाफरूममध्ये सांगितली. हेडसर "अरेरे" म्हणाले. बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी पुढची वही ओढली.

त्र्याहत्तरच्या जूनमध्ये माझी बदली नगरला झाली. पाऊस झाला होता, बागेच्या खड्ड्यांतून पाणी साठलं होतं. मी निघायच्या आदल्या दिवशी, दुसऱ्या तासाची घंटा व्हायच्या सुमाराला, कांता शाळेच्या मागच्या बाजूनं आली. अंगावर हिरवं लुगडं, कोपरापर्यंत हिरवा चुडा, गळ्यात काळी पोत. चौदा वर्षांची पोर त्या लुगड्यात हरवल्यासारखी दिसत होती. हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. रस्त्यावर बैलगाडी उभी होती आणि गाडीवर एक मिसरूड न फुटलेला नवरा.

बाई व्हरांड्यात होत्या, मी त्यांच्याजवळ.

"बाई, शब्द द्यायला आले," कांता म्हणाली. "आता काय माझं यानं हुनार न्हाई."

"कुणाला देतेस?"

"तुमालाच."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. तिघी मागे गेलो. कांता खड्ड्याशी वाकली, साठलेल्या पाण्यानं ओंजळ भरली. बांगड्या मनगटावर गोळा झाल्या. बाईंनी आपले हात पुढे केले. कांतानं ओतलं. रीतीप्रमाणे बाईंनी आता ते झाडाला घालायचं होतं, आणि झाड नव्हतं. काठीवर चिकोसापोते लिहिलेला पत्रा तेवढा होता. कोपऱ्यात नोपाल होता, पण त्याला कुणाच्या पाण्याची गरज नव्हती. बाई ओंजळ धरून तशाच उभ्या राहिल्या. पाणी बोटांच्या फटींतून गळत होतं, बुटांवर पडत होतं.

"सांडतंय, बाई," कांता म्हणाली.

"सांडू दे. शब्द सांग."

"गाउपेन."

"म्हणजे काय?"

"वंजळ."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "हुशार आहेस." त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. आता त्यांनी शब्द म्हणायचा होता. तो त्यांनी म्हटला नाही. त्यांच्या हातांत तेव्हा काहीच उरलं नव्हतं, तरी त्यांनी हात तसेच धरले होते. कांता वाकून पाया पडली आणि गेली. गाडी हलल्याचा आवाज आला. मी रडले. कांतासाठी की बाईंसाठी की त्या ओढलेल्या मातीसाठी, ते सांगता येत नाही, पण त्या सगळ्या वर्षात मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ते फार वाटलं. बाई रडल्या नाहीत. घंटा झाली आणि त्या वर्गात गेल्या.

मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी ओल्या हातानंच खडू उचलला आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात हात नेला. चार महिने तो कोपरा काळा होता. हात हलला, पण फळ्यावर काही उमटलं नाही. मला वाटलं, त्यांना लिहिताच आलं नाही. पोरंही एकमेकांकडे बघू लागली. बाई खुर्चीवर बसल्या, दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून, आणि म्हणाल्या, "पुस्तक काढा."

मी माझा तास घ्यायला गेले. ओला खडू आधी दिसत नाही, फळा वाळला की पांढरा होतो, हे मी विज्ञान शिकवत असून विसरले होते. तास संपल्यावर परत त्या खिडकीवरून जाताना पाहिलं तर कोपऱ्यात कांताचा शब्द ठळक, पांढराशुभ्र उभा होता, आणि पहिल्या बाकावरची एक पोर तो आपल्या वहीत उतरवून घेत होती. बाई तशाच बसल्या होत्या, हात मांडीवर, तळवे वर. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नगरला आले.